भिंत बुजवण्याआधी : घरच्या स्टुडिओच्या वॉल प्लेटविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : रेकॉर्डिंगची खोली आणि कंट्रोल रूम यांच्यामध्ये एकच भिंत आहे. रेकॉर्डिंगच्या बाजूला आठ माइकचे पॉइंट आणि कंट्रोल रूमकडून येणाऱ्या चार परतीच्या लाइनी द्यायच्या आहेत. सोल्डरिंग येतं, पण वॉल प्लेट (भिंतीत बसवायची सॉकेटांची पट्टी) कधी केलेली नाही. काय सामान घ्यावं आणि कुठे चुकण्याचा संभव असतो?

माइकच्या आठ जागी फीमेल एक्सएलआर (माइकच्या केबलचं तीन पिनांचं गोल सॉकेट, इथे भोकांचं) घ्या, परतीच्या चार जागी मेल, म्हणजे पिनांचं. सिग्नल ज्या टोकातून बाहेर पडतो तिथे पिना, जिथे आत शिरतो तिथे भोकं, एवढं ध्यानात ठेवलं की गोंधळ होत नाही. कंट्रोल रूममध्ये इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारी पेटी) एकाच जागी राहणार असेल, तर त्या बाजूला प्लेट लावूच नका. केबल भिंतीतून सरळ बाहेर काढा आणि तिच्या टोकांना प्लग जोडा. एक प्लेट कमी झाली की बारा लाइनींमागे बारा सॉकेट वाचतात, आणि बिघडायच्या जागाही तेवढ्याच कमी होतात.

भिंतीत स्टेजवरची लवचीक केबल घालू नका. प्रत्येक जोडीला स्वतंत्र फॉइल शील्ड आणि ड्रेन वायर (शील्डला टेकून जाणारी उघडी तार) असलेली मल्टिकोअर, म्हणजे अनेक जोड्यांची केबल, घ्या. एक आठ जोड्यांची आणि एक चार जोड्यांची घ्या, बारा जोड्यांची एकच नको. माइकचा सिग्नल काही मिलिव्होल्टचा असतो, लाइनचा व्होल्टाच्या घरातला. दोन्ही एकाच आवरणात लांबवर नेले की लाइनचा आवाज माइकमध्ये डोकावू लागतो.

प्लेट २ मिमी ॲल्युमिनियमची पुरते. डी आकाराच्या सॉकेटला २४ मिमीचं भोक लागतं. स्क्रूची दोन भोकं कर्णात येतात, आडवं अंतर १९ मिमी आणि उभं २४ मिमी. सॉकेटचा चेहरा २६ बाय ३१ मिमीचा असतो, पण भोकांची केंद्रं २८ मिमीवर आणलीत तर लॅच (प्लग सोडवायची कळ) दाबायला बोट शिरणार नाही. किमान ३२ ठेवा. सहा-सहाच्या दोन ओळी करायच्या तर साधारण २३० बाय १०० मिमीची प्लेट लागेल. मागचा बॉक्स ५० मिमी तरी खोल हवा. उथळ बॉक्समध्ये केबल काटकोनात मुडपते आणि सगळा ताण सोल्डरच्या सांध्यावर येतो. बॉक्समध्ये २५-३० सेंमी केबल जादा सोडा, म्हणजे पुढे कधी प्लेट बाहेर ओढून काम करता येईल. केबल ओढण्याआधीच दोन्ही टोकांना नंबर लावा.

जोडणी ठरलेली असते : पिन १ शील्ड, २ हॉट (सरळ सिग्नल), ३ कोल्ड (तोच उलटा). जोडीतला कोणता रंग हॉट हे एकदा ठरवा आणि प्लेटच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. सगळ्यात जास्त चूक होते ती पिना मोजताना. पुढून जी रचना दिसते ती मागून आरशातल्यासारखी उलटी दिसते. ३ जागेवरच राहते आणि १ व २ ची अदलाबदल होते. मग शील्ड हॉटवर जाते, केबलमधून वीज घेणारा कंडेन्सर माइक बंद पडतो आणि डायनॅमिक माइक घोंघावतो. सोल्डर कपाशेजारी आकडा कोरलेला असतो, तो टॉर्च मारून वाचा. अंदाजाने जोडू नका.

प्रत्यक्ष सोल्डरिंग असं करा. बाहेरचं आवरण २० मिमी सोला आणि फॉइल आवरणाच्या कडेशीच कापा. तिची एखादी चकचकीत कात्रण मागे राहिली तर तीच पुढे शॉर्ट करते. उघड्या ड्रेन वायरवर स्लीव्ह चढवा, नाहीतर प्लेट बसवताना ती २ किंवा ३ ला जाऊन टेकते. तारेचं टोक ४-५ मिमी सोलून टिन करा. ६३/३७ सोल्डर १८३ अंशांना वितळतं, तरी सोल्डरिंग आयर्न ३५० च्या आसपास ठेवा. आधी कप अर्धा भरा, पुन्हा तापवा, तार आत बुडवा आणि आयर्न बाजूला घेतल्यावर दोन सेकंद हात हलवू नका. तेवढ्यात हात हलला तर सांधा करडा आणि दाणेदार दिसतो. तो तसाच ठेवू नका, ताजं सोल्डर देऊन पुन्हा करा. मेल सॉकेटला डाग देताना समोरून एक जुना फीमेल प्लग खोचून ठेवा. प्लास्टिक मऊ पडलं तरी पिना सरळ राहतात.

आता चाचणी. ही भिंत बुजवण्याआधी करायची, प्लेट लोंबकळत असतानाच. मल्टीमीटरच्या बीपवर लाइनीच्या दोन टोकांमध्ये १ ते १, २ ते २, ३ ते ३ तपासा. मग १-२, २-३, १-३ आणि प्रत्येक पिन ते धातूची प्लेट. यांत कुठेही बीप येता कामा नये. तपासताना तार हलक्या हाताने हलवून पाहा. त्यानंतर फँटम (कंडेन्सर माइकला केबलमधूनच मिळणारा वीजपुरवठा) सुरू करून सॉकेटवर मोजा : १-२ आणि १-३ मध्ये साधारण ४८ व्होल्ट (४४ ते ५२ चालतं), २-३ मध्ये जवळपास शून्य. पण एवढ्यावर समाधान मानू नका. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे कच्च्या सांध्यावरही तो पूर्ण ४८ दाखवतो. प्रत्येक लाइनवर कंडेन्सर माइक लावून ऐकाच. शेवटी फेज, म्हणजे सिग्नल सरळ येतो की उलटा. एकसारखे दोन माइक शेजारी धरा, एक भिंतीतून आणि एक थेट केबलने, आणि मोनो, म्हणजे दोन्ही एकत्र मिसळून, ऐका. आवाज पोकळ झाला, खर्ज गेला, तर त्या लाइनमध्ये २-३ उलटे आहेत.

विजेच्या वायरिंगपासून समांतर धाव किमान ३० सेंमी दूर ठेवा. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. विजेचं सॉकेट आणि ऑडिओ एकाच बॉक्समध्ये कधीही घालू नका. इथे प्रश्न फक्त आवाजाचा नाही, जिवाचा आहे.

प्रश्न : माइक थेट इंटरफेसला जोडला तर शांत असतो. भिंतीतल्या प्लेटमधून आणला की सखल गुणगुण येते, आणि तीही काही केबलींनाच. केबल बदलली की जाते, दुसरी लावली की परत येते. सगळे सांधे दोनदा तपासले आहेत.

तुमचे सांधे ठीक असणार. ‘काही केबलींनाच’ या तुमच्या शब्दांतच उत्तर आहे. एक्सएलआर सॉकेटला तीन पिनांशिवाय एक चौथा टॅग असतो, तो सॉकेटच्या धातूच्या अंगाचा. धातूची प्लेट धातूच्या बॉक्सवर बसते आणि तो बॉक्स बहुधा इमारतीच्या अर्थिंगला जोडलेला असतो. पलीकडे इंटरफेसचं अंगही स्वतःच्या वाटेने त्याच अर्थिंगला जातं. पिन १ आणि हा टॅग प्लेटवर एकत्र आले, की दोन वाटांचं एक मोठं वर्तुळ तयार होतं. त्यातून फिरणारा करंट तुमच्या शील्डमधून वाहतो आणि गुणगुण म्हणून ऐकू येतो.

तपासायचं असं. आधी कंट्रोल रूमच्या बाजूचे सगळे प्लग काढा. हे विसरलात तर इंटरफेसमधूनच जोड सापडेल आणि मीटर उगाच बीप करेल. मग पिन १ आणि धातूची प्लेट यांच्यामध्ये मीटर लावा. बीप आला तर टॅगला जोडलेली तार काढा. टॅग मोकळाच असेल तर बॉक्सला टेकलेली ड्रेन वायर शोधा. काही सॉकेटमध्ये ही जोड आतूनच केलेली असते, तिथे सॉकेटच बदलावं लागेल.

बीप आला नाही, तर मोर्चा माइकच्या केबलींकडे वळवा. काही केबलींच्या प्लगमध्ये पिन १ प्लगच्या अंगाला जोडून ठेवलेली असते. असा प्लग सॉकेटमध्ये गेला की अंगाला अंग लागतं आणि वर्तुळ पूर्ण होतं. तुमची लक्षणं पाहता आम्हाला हेच कारण वाटतं. त्या केबलींचे प्लग उघडा आणि दोन्ही टोकांची ती छोटी तार कापून टाका.

माइकच्या लाइनीवरची शील्ड कुठल्याही टोकाला तोडू नका, कारण फँटमचा परतीचा रस्ता पिन १ च आहे. परतीच्या लाइनीवर गुणगुण राहिली, तर तिथे ज्या टोकाला सिग्नल पोचतो तिथली शील्ड सोडून पाहायला हरकत नाही. आणि विजेच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून गुणगुण घालवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ती पिन माणसाला वाचवण्यासाठी असते.

प्रश्न : माइकच्या सुट्या राहिलेल्या एका जोडीवरून स्टिरिओ हेडफोनचा पॉइंट काढला. आवाज येतो, पण डावीकडचं वाद्य उजव्या कानातही ऐकू येतं.

डावा एका तारेवर, उजवा दुसरीवर आणि दोघांचा परतीचा रस्ता एकच ड्रेन वायर. गळती तिथेच होते. २४ गेजच्या तांब्याला मीटरमागे ०.०८४ ओहम रोध असतो, १० मीटरला ०.८४. हेडफोन ३२ ओहमचा धरला तर एका कानाचा सिग्नल दुसऱ्यात साधारण ३२ डेसिबल खाली उतरतो. गाणाऱ्याला तो स्पष्ट कळतो. १ चौरस मिमीची तार वापरलीत तर तोच आकडा ४५ डेसिबलच्या आसपास जाईल, म्हणजे पुष्कळ बरं.

तरी आमचं मत वेगळं आहे. दोन जोड्यांवरून डावी-उजवी बॅलन्स्ड लाइन (प्रत्येकीला हॉट, कोल्ड आणि शील्ड) खोलीत न्या आणि तिथे छोटा हेडफोन ॲम्प ठेवा. गळती थांबते आणि गाणारा स्वतःच आवाज कमी-जास्त करू शकतो. हेडफोनचं सॉकेट मात्र नेहमी जॅकचंच ठेवा. एक्सएलआर ठेवलंत तर कधीतरी त्यात फँटम शिरेल.

प्रश्न : गिटार भिंतीतल्या जॅकमधून ८ मीटर पलीकडच्या ॲम्पला नेली तर आवाज मंद, घोंगडीखाली दडपल्यासारखा येतो. महाग केबलने फरक पडेल का?

फारसा नाही. गिटारच्या पिकअपचं इंडक्टन्स मोठं असतं, ३ हेन्री धरू. केबलचं कपॅसिटन्स मीटरमागे १०० पिकोफॅरड धरलं तर ६ मीटरच्या लीडवर रेझोनन्स (ज्या वारंवारतेला पिकअप सगळ्यात जोरात बोलतो ती) सुमारे पावणेचार किलोहर्ट्झवर येतो. भिंतीतले ८ मीटर वाढले की तो अडीचवर घसरतो आणि त्यावरचं सगळं बोथट होतं. डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल माइकच्या लाइनीजोगा करणारी पेटी) गिटारशेजारीच ठेवा, इनपुट किमान १ मेगाओहमचा. तिथून पुढे माइकच्या लाइनीने जा. ॲम्पच हवा असेल, तर त्या बाजूला रिॲम्प बॉक्स (तो सिग्नल पुन्हा गिटारसारखा करणारी पेटी) लागेल.

प्रश्न : प्लेट बसवल्यापासून भिंत जणू पातळ झाली. ड्रमचा आवाज प्लेटजवळच जास्त ऐकू येतो.

दोन्ही बाजूंचे बॉक्स पाठीला पाठ लावून बसवले असतील. एक बॉक्स किमान ६० सेंमी सरकवा, भिंत पोकळ असेल तर मधला एखादा खांब आड येईल असा. बॉक्सच्या पाठीला आणि बाजूंना अकूस्टिक पुट्टीचा थर द्या, आणि केबल शिरते ते भोक न सुकणाऱ्या सीलंटने बुजवा. कंड्युट पाइप ही आवाजाची सरळ नळीच असते. केबल ओढून झाल्यावर त्याची दोन्ही तोंडं रॉकवूल दाबून भरा आणि वरून सीलंट लावा. भिंत दुहेरी असेल तर कडक पाइप दोन्ही थरांना एकदम पकडता कामा नये, मध्ये लवचीक तुकडा घाला. नव्याने करणाऱ्यांनी बॉक्स भिंतीत कोरण्याऐवजी भिंतीवर बसवावा. मग आतल्या थरात केबलएवढंच भोक पडतं.