कार्यशाळेची चावी

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. प्रवेश झाला हे वाचून फार बरं वाटलं. शेवटी तू विचारलंयस, 'ताई, शिल्प घेऊ, छपाई घेऊ की ॲनिमेशन?' याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि पहिल्या वर्षी ते तुझ्याकडेही नसलं तरी काही बिघडत नाही. मला दुसरंच काही सांगायचंय.

कलेच्या विद्यापीठात जे शिकवतात त्यातलं बरंचसं बाहेरही शिकता येतं. पुस्तकं आहेत, व्याख्यानं आहेत, इंटरनेट तर आहेच. बाहेर सहजी मिळत नाही ती माती भाजायची मोठी भट्टी, लिथोचा (म्हणजे दगडावर चित्र काढून छापायचा) दगड आणि त्याचा प्रेस, बाहेरचा आवाज आत न येणारी रेकॉर्डिंगची खोली, अर्धा तास न हलता बसणारं मॉडेल, आणि तुझं काम बघून तोंडावर बोलणारी पंधरा-वीस माणसं. पदवी हातात पडली की या सगळ्याची दारं बंद. म्हणून कशावर वेळ घालवायचा असा प्रश्न पडला की स्वतःला विचार: हे मला नंतर घरी बसून, एकटीने करता येईल? येणार असेल तर ते नंतर कर.

आता कार्यशाळेबद्दल. प्राध्यापकांची नावं सगळ्यांना पाठ असतात, पण भट्टी लावणाऱ्या माणसाचं नाव कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. पहिल्या वर्षी मी मातीची एक जाडजूड बसलेली बाई केली, आतून पोकळ न करता. प्रदर्शन जवळ आलेलं, म्हणून बुड ओलसर असतानाच ती गुपचूप भट्टीत सरकवली. भट्टीवाल्या काकांनी गालाला लावून बघायला सांगितलं होतं: माती गार लागली तर आत पाणी आहे. मी ऐकलं नाही. तापमान शंभर अंशांच्या पुढे गेलं, आतल्या पाण्याची वाफ झाली, आणि बाई फुटली. एकटी फुटली असती तर गोष्ट वेगळी. तिच्या तुकड्यांनी शेजारच्या तिघांची भांडीही नेली. काका ओरडले नाहीत. झाडू हातात दिला आणि तुकडे भरताना प्रत्येक तुकड्याची जाडी मोजायला लावली. पुढची तीन वर्षं मी मातीबद्दल जे शिकले ते बहुतेक त्यांच्याकडूनच.

हे काही माझ्यापुरतं नाही. १९१९ मध्ये जर्मनीत वायमारला बाउहाउस ही कलाशाळा सुरू झाली तेव्हा तिथल्या कार्यशाळांत दोन-दोन गुरू ठेवले होते: एक रूपाचा विचार शिकवणारा चित्रकार, दुसरा हात चालवायला शिकवणारा कारागीर. पगारात आणि मानात कारागीर खालीच राहिले, ही त्यांचीही खोड. पण दोघं लागतात हे त्यांना कळलं होतं.

त्याच बाउहाउसमध्ये ॲनी अल्बर्स या विद्यार्थिनीला विणकामात जावं लागलं. तिला ते नको होतं. पण मुलींना बहुतेक तिकडेच वळवत. पुढे १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये तिच्या कापडांचं स्वतंत्र प्रदर्शन भरलं. तिच्यावर झाला तो अन्यायच होता, त्याला सोन्याचा मुलामा नको. एवढंच, की हव्या त्या विभागात जागा नाही मिळाली तर लगेच बॅग भरू नकोस. एक सत्र हात काळे करून बघ.

क्रिटची, म्हणजे सगळ्यांसमोर काम मांडून त्यावर बोलणं ऐकायच्या तासाची, धास्ती घेतलीयस असं दिसतं. पहिल्यांदा काम भिंतीला लावून गप्प उभं राहायचं, हे अवघडच. माझ्या दुसऱ्या बाईच्या वेळी (ही पोकळ होती) मी दहा मिनिटं दुःखावर बोलले. मागून एका मुलाने विचारलं, 'ती बसलीय कशावर?' ती बसली होती हाताला लागलेल्या एका विटेवर. बाईच्या डोळ्यांवर मी महिना घातला होता, बैठकीवर एक मिनिटही नाही. तेव्हापासून मी आधी बोलायचं सोडलं. लोकांना काय दिसतंय ते आधी ऐकायचं. 'आवडलं' आणि 'नाही आवडलं' दोन्ही सोडून द्यायचं. आणि स्वतःच्या क्रिटला नोंदी करायला वही मैत्रिणीच्या हातात दे. त्या वेळी कान तापलेले असतात, निम्मं ऐकूच येत नाही.

शहर तुला देईल तसं तुझ्याकडून घेईलही, मुख्यतः वेळ. घरभाड्यासाठी नोकरी धरलीस तर कार्यशाळा उघडी असते ते तास तरी मोकळे ठेव. प्रवासात रेखाटनं कर. पुढचा माणूस कधी उतरेल सांगता येत नाही, त्यामुळे रेघ आपोआप नेमकी होते. प्रदर्शनांच्या उद्घाटनांना कमी जा. तिथे चित्रं दिसत नाहीत, पाठी दिसतात. संग्रहालयात मात्र एकटी जा आणि एकाच कामासमोर बस. पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात आजही परवानगी काढून चित्रांची नक्कल करता येते. अट अशी की नक्कल मूळ चित्राच्या मापाची नसावी. माप बदललं की नुसतं गिरवून भागत नाही, प्रत्येक अंतर नव्याने ठरवावं लागतं. वहीतही हे करता येतं.

एक बारीकशी गोष्ट, पण विसरू नकोस. तैलरंगातल्या जवसाच्या तेलाने माखलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत. तेल वाळताना तापतं आणि फडकी आपली आपण पेट घेतात. झाकणाच्या लोखंडी डब्यात, पाण्यात.

आणि कागदपत्रं. फिलाडेल्फियात ऐन शहरात युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्स होतं, मुळं थेट १८७६ पर्यंत जाणारी. ३१ मे २०२४ ला ते बंद होणार असल्याची बातमी आली आणि ७ जूनला ते बंद झालंही. हजारावर विद्यार्थ्यांना आठवड्याभरात दुसरं दार शोधावं लागलं. तुला घाबरवायचं नाही, पण दर सत्राची गुणपत्रिका, अभ्यासक्रमाची प्रत आणि कामांचे नीट काढलेले फोटो स्वतःजवळ ठेव. विद्यापीठाच्या सर्व्हरवर आहेत म्हणून निर्धास्त राहू नकोस.

वेळापत्रक आलं की मला पाठव. तासांचं नको, कार्यशाळांचं. भट्टी कुठल्या वारी लागते आणि तिची चावी कुणाकडे असते, तेही विचारून कळव.

तुझी,
ताई