घरून डिझाइनचं काम करायला २४ इंची आयमॅक घ्यावा का?

हो, ॲपलचा हा स्क्रीनमध्येच सगळा कम्प्युटर असलेला डेस्कटॉप बिनधास्त घ्या, फक्त रॅम घेतानाच जास्तीची घ्या कारण ती आत पक्की बसवलेली असते, नंतर पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तापकीर गल्लीत, कुणीही वाढवून देणार नाही. मी रोज यावरच पानं लावतो आणि स्क्रीन ४४८० बाय २५२० पिक्सेलचा असल्यामुळे ८ पॉइंटाच्या बारीक अक्षरातला रफार न् वेलांटीसुद्धा झूम न करता स्वच्छ दिसते, डोळे खरंच कमी दुखतात, शिवाय मशीन जेमतेम ११.५ मिलिमीटर जाड. खटकतं ते हे की स्टँड वरखाली होत नाही आणि पुढे मशीन जुनं झालं तरी एवढा सुंदर स्क्रीन दुसऱ्या कम्प्युटरला मॉनिटर म्हणून जोडता येत नाही. बॅटरी नसते, त्यामुळे गुरुवारी लाइट जाणाऱ्या भागात राहत असाल तर यूपीएस हवाच.