सनद स्थगित करण्यापूर्वी

प्रिय भगिनी,

इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून तुमच्या पत्राचा आशय आधी थोडक्यात मांडते. साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात तुम्ही नऊ वर्षे दिवाणी दावे चालवत आहात आणि पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीने विधी-तंत्रज्ञान विभागात प्रकल्प व्यवस्थापक म्हणून तुम्हाला बोलावले आहे. तुमचे वडील स्वतः ज्येष्ठ वकील असून सनद, म्हणजे वकिली करण्याचा परवाना, बाजूला ठेवून नोकरी धरणे म्हणजे नऊ वर्षे पाण्यात घालवणे, असे त्यांचे ठाम मत आहे. संगणकाचे शिक्षण नसताना हे काम झेपेल का, शनिवारी थोडी वकिली चालू ठेवता येईल का आणि रोजच्या तारखांना कंटाळून आपण पळ तर काढत नाही ना, असे तुम्ही विचारले आहे.

शनिवारच्या वकिलीला माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमावलीतील 49 व्या नियमानुसार वकिली करत असताना पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. नोकरी स्वीकारल्यास ती बाब आपल्या राज्य बार कौन्सिलला, म्हणजे तुमच्या बाबतीत महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलला, कळवावी लागते आणि नोकरी असेपर्यंत वकिली थांबवावी लागते. कोणी काहीही सांगितले तरी यात पळवाट शोधू नका. मात्र वडिलांना हेही सांगा की यामुळे सनद रद्द होत नाही. स्वेच्छेने वकिली स्थगित करताना मूळ नोंदणी प्रमाणपत्र कौन्सिलकडे पाठवायचे असते आणि परत यायचे ठरल्यास प्रतिज्ञापत्रासह पुन्हा अर्ज करता येतो.

खरी किंमत दुसरीकडे आहे आणि तिचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही. पुढे वकिलांमधून थेट जिल्हा न्यायाधीशपदासाठी अर्ज करण्याचा विचार मनात असेल, तर घटनेच्या 233 व्या अनुच्छेदातील सात वर्षांच्या वकिलीची अट लक्षात घ्या. ही सात वर्षे अर्जाच्या लगतपूर्वीची असावीत आणि अर्जाच्या वेळी उमेदवार वकिली करत असावा, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये लावला आहे. आज ही अट तुम्ही पूर्ण करता. पण दोन वर्षे कंपनीत काढून परत आलात, तर आधीची नऊ वर्षे या कामी उपयोगी पडतील असे गृहीत धरू नका. तेव्हा न्यायाधीश होण्याची इच्छा मनाच्या कोपऱ्यात कुठेही असेल, तर ती आधी तपासा. नसेल तर माझ्या मते तुम्ही जावे.

झेपेल का, या शंकेत मला फारसे तथ्य दिसत नाही, आणि त्याचे कारण एका उदाहरणाने सांगते. अपिलाची मुदत दाखवणारी प्रणाली बनवायची आहे, असे समजा. कनिष्ठ स्तर न्यायालयाच्या हुकूमनाम्यावर, म्हणजे निकालानुसार काढलेल्या औपचारिक आदेशावर, जिल्हा न्यायालयात अपील करण्यास 30 दिवस मिळतात, एवढे वाचून प्रोग्रॅमर निकालाच्या तारखेत 30 मिळवील आणि काम झाले असे समजेल. निकालाचा दिवस धरायचा नाही, नक्कल, म्हणजे प्रमाणित प्रत, मिळण्यास लागलेला काळ वगळायचा, पण नकलेचा अर्ज करण्यापूर्वी न्यायालयाला हुकूमनामा तयार करण्यास लागलेला वेळ वगळायचा नाही, आणि शेवटच्या दिवशी न्यायालय बंद असेल तर ते उघडेल त्या दिवशी अपील दाखल करता येते, हे तुम्हाला अंगवळणी पडले आहे. म्हणून नकलेच्या अर्जाची तारीख आणि नक्कल तयार झाल्याची तारीख असे दोन वेगळे रकाने हवेत, हे त्या बैठकीत तुम्हीच सांगू शकाल. असा एक रकाना राहून गेला, तर प्रणाली चुकीची मुदत दाखवील आणि त्याचा फटका एखाद्या पक्षकाराला बसेल. वकिलाची गरज प्रोग्रॅमरला समजेल अशी लिहून देणे, तयार झालेली प्रणाली खऱ्या प्रकरणांवर तपासणे, ती वापरायला नाखूश असलेल्यांना राजी करणे आणि ठरलेल्या दिवसाआधी सगळ्यांकडून काम पुरे करून घेणे, हेच या पदाचे काम आहे. कोड लिहिणारे वेगळे असतात. प्रकल्प व्यवस्थापनाची परिभाषा मात्र शिकावी लागेल. पीएमपी या प्रकल्प व्यवस्थापनातील प्रमाणपत्राच्या परीक्षेला प्रकल्प हाताळल्याचा काही वर्षांचा अनुभव लागतो. सीएपीएम या त्याच क्षेत्रातील प्राथमिक प्रमाणपत्राला तो लागत नाही, 23 तासांचे प्रशिक्षण पुरते, म्हणून सुरुवात तिथून करा.

होकार कळवण्यापूर्वी कामाचे स्वरूप लेखी मागा. पदाचे नाव भारदस्त आणि प्रत्यक्षात दिवसभर करारांतील कलमे वाचून तक्ते भरणे, असेही घडते. ते काम हलके नाही, पण तुम्ही जे सोडून निघाला आहात त्याच्या मोबदल्यात ते पुरेसे नाही. गरजपत्रक, म्हणजे प्रणालीने काय काय करायचे याची यादी, कोण लिहिणार, चाचणीत चूक निघाल्यास प्रणाली वापरात आणणे रोखण्याचा अधिकार कोणाला, आणि विकसकांबरोबर रोज तुम्ही बसणार की तुमचे वरिष्ठ, हे तीन प्रश्न विचाराच. उत्तरे गुळमुळीत आली तर थांबा, दुसरी संधी शोधा. पगाराची घासाघीस त्यानंतर करा.

पळ काढण्याच्या शंकेबद्दल मला तुमच्याच पत्रातील एक वाक्य महत्त्वाचे वाटते. उलटतपासणीच्या आदल्या रात्री अजूनही झोप येत नाही, पण ती आनंदाने, असे तुम्ही लिहिले आहे. ज्याला हा व्यवसाय नकोसा झाला आहे, तो असे लिहीत नाही. तेव्हा उलटतपासणी नसलेले आयुष्य तुम्हाला चालेल का, याचा विचार येत्या सुट्टीत शांतपणे करा. तारखांचा कंटाळा सगळ्यांनाच येतो, त्यावरून काही ठरवू नका. ही उणीव पत्करण्याची तयारी असेल, तर जाण्याला पळ म्हणण्याचे कारण नाही.

पक्षकारांना मात्र वाऱ्यावर सोडू नका. प्रत्येकाला पुरेशी आगाऊ सूचना द्या, वकीलपत्र न्यायालयाच्या परवानगीने रीतसर मागे घ्या आणि न झालेल्या कामाची फी परत करा. ज्या दाव्यांत पुरावा चालू आहे, त्यांची कागदपत्रे नव्या वकिलांकडे सोपवताना स्वतः समोर बसून प्रकरण समजावून द्या. पक्षकारांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टींची गोपनीयता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या 132 व्या कलमानुसार काम संपल्यानंतरही तुमच्यावर बंधनकारक राहते, त्यामुळे नव्या कंपनीत नमुना म्हणून जुन्या फाइली वापरण्याचा मोह टाळा.

वडिलांशी बोलताना पगाराचा आकडा पुढे करू नका. मुदतीच्या त्या दोन रकान्यांची गोष्ट त्यांना सांगा आणि त्यात आणखी काय हवे, हे त्यांनाच विचारा. इतक्या वर्षांच्या वकिलीनंतर त्यांच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ असेल. त्यांची संमती लगेच मिळेल असे मी म्हणत नाही. पण बार कौन्सिलला पत्र पाठवण्यापूर्वी हे बोलणे झालेले असावे आणि रुजू होण्याची तारीख किमान दोन महिने पुढची मागावी, कारण चालू दाव्यांची व्यवस्था लावायला तेवढा वेळ लागेलच.