स्वतःच्याच पेशी, पण मेंदूत काय करतात?

प्रश्न : आठ महिन्यांपूर्वी यजमानांना पक्षाघात झाला. उजव्या हाताची बोटं जेमतेम हलतात. शर्टाची बटणं मीच लावते. त्यांच्याच कमरेच्या हाडातली मज्जा काढून, त्यातल्या पेशी शिरेतून सोडून मेंदू दुरुस्त करू, असं एका ठिकाणी सांगितलं. करावं का?

उत्तर : ताई, मी तरी आज नको म्हणेन. स्वतःच्या पेशी शरीर सहसा नाकारत नाही, हे खरं. पण नाकारलं नाही म्हणजे त्या कामाला लागल्या, असं नव्हे. मज्जेतल्या पेशींचं काम मुख्यतः रक्त घडवण्याचं; शिरेतून सोडल्यावर बऱ्याच फुप्फुसातच अडकतात. याच उपचाराची १२० रुग्णांवरची चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. धोका दिसला नाही, पण सहा महिन्यांनी फायदाही दिसला नाही.

मला खरं कुतूहल आहे ते दुसऱ्या वाटेचं. जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या त्वचेतल्या पेशी मूळपेशींसारख्या, म्हणजे कुठल्याही जातीच्या पेशी बनू शकतील अशा, करून दाखवल्या. पुढे त्याच वाटेने पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) एका रुग्णाच्या त्वचेपासून डोपामिन हे हालचालींसाठी लागणारं रसायन बनवणाऱ्या पेशी तयार करून २०१७-१८ मध्ये त्याच्याच मेंदूत बसवल्या. रुग्ण एकच, हे विसरू नका. शिवाय पार्किन्सनमध्ये मुख्यतः एकाच जातीच्या पेशी घटतात. पक्षाघातात घर कोसळावं तसं भिंत, तारा, नळ सगळंच एकदम पडतं.

‘ही नोंदणीकृत चाचणी आहे का?’ एवढं तिथे विचाराच. आणि शर्टाचं वरचं एक बटण रोज त्यांच्या उजव्या हातासाठी सोडा, दहा मिनिटं लागली तरी.