शिफारस करायला भाषा येणे पुरेसे आहे का?

प्रश्न : आवडलेल्या चार चित्रपटांची नावे सांगितली, की लँग्वेज मॉडेल (चॅटजीपीटीसारख्या साधनांमागील, मजकूर तयार करणारी संगणकीय प्रणाली) पाचवे नाव सुचवते आणि ते का सुचवले हेही सांगते. मग शिफारस प्रणालींवर वेगळे संशोधन करण्याची गरज उरते का?

उत्तर : उरते, कारण दोघांची शिकण्याची सामग्रीच वेगळी आहे. लँग्वेज मॉडेल लोकांनी लिहिलेले वाचून शिकते, तर शिफारस प्रणाली लोकांनी काय पाहिले, काय अर्ध्यावर सोडले आणि कशाला किती तारे दिले यावरून शिकते. नेटफ्लिक्सने २००६ मध्ये १० लाख डॉलरच्या बक्षिसाची स्पर्धा जाहीर केली, तेव्हा स्पर्धकांना सुमारे ४ लाख ८० हजार प्रेक्षकांनी १७,७७० चित्रपटांना दिलेली १० कोटी गुणांकने मिळाली. चित्रपटांविषयी मात्र नाव आणि प्रदर्शनाचे वर्ष यापलीकडे काहीही दिलेले नव्हते. तरीही कथानकाची एक ओळ न वाचता विजेत्या संघाने २००९ मध्ये कंपनीच्या मूळ पद्धतीच्या अंदाजांतील चूक १० टक्क्यांहून अधिक कमी करून दाखवली.

या पद्धतींचे घोडे अडते ते नव्या वस्तूपाशी. जो चित्रपट अजून कोणीच पाहिलेला नाही, त्याच्याविषयी शिकायला नोंदीच नसतात, आणि तेथे वर्णन वाचू शकणारे मॉडेल खरोखर उपयोगी पडते. मात्र त्याच्याकडून थेट क्रमवारी लावून घेतली, तर तीच नावे वेगळ्या क्रमाने दिल्यावर उत्तर बदलू शकते, ज्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे अशा प्रसिद्ध कृतींकडे कल झुकतो, आणि संग्रहात नसलेले नावही कधी कधी बेधडक सुचवले जाते.

म्हणूनच गूगलमधील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये ‘टायगर’ या नावाने मांडलेली दिशा मला अधिक आश्वासक वाटते. तिच्यात वस्तूचे वर्णन आधी संख्यांत आणि मग टप्प्याटप्प्याने मोजक्या सांकेतिक चिन्हांत बदलतात. पहिले चिन्ह ढोबळ प्रकार दर्शवते, पुढची तपशील भरतात, त्यामुळे सारख्या वस्तूंच्या संकेतांची सुरुवात बहुधा सारखीच असते. वाक्यातील पुढचा शब्द ओळखावा तसा, व्यक्तीने आजवर निवडलेल्या वस्तूंच्या संकेतांवरून पुढच्या वस्तूचा संकेत मॉडेल एकेक चिन्ह जोडत रचते. (क्वचित कोणत्याच वस्तूचा नसलेला संकेतही तयार होतो, तो गाळून टाकावा लागतो.)

प्रश्न : नव्या पद्धतीने जुनीला मागे टाकले, असे शोधनिबंधांत सतत वाचायला मिळते. हे दावे कसे पारखावेत?

उत्तर : तुलना कोणाशी केली आहे, ते आधी पाहावे. २०१९ मधील एका अभ्यासात न्यूरल नेटवर्कवर (मेंदूतील पेशींच्या जाळ्यावरून सुचलेल्या, उदाहरणांतून शिकणाऱ्या गणिती रचनेवर) आधारलेल्या १८ शिफारस पद्धती तपासल्या गेल्या. वाजवी खटपटीत पुन्हा उभ्या करता आल्या त्या फक्त ७, आणि त्यांतील ६ पद्धतींपेक्षा साध्या, जुन्या पद्धती अनेकदा सरस ठरल्या. लँग्वेज मॉडेलच्या बाबतीत आणखी एक शंका घ्यावी. मूव्हीलेन्ससारखा चित्रपटांच्या गुणांकनांचा संच अनेक वर्षे सर्वांना खुला असल्याने तो प्रशिक्षणाच्या मजकुरातच आलेला असू शकतो, आणि तसे असेल तर चाचणीतील यश हे पाठांतराचे यश ठरते. त्यामुळे असा निबंध हाती आला, की चाचणीच्या नोंदी मॉडेलच्या प्रशिक्षणानंतरच्या आहेत का, हे मी निष्कर्षांच्या आधी शोधतो.