परक्या मैदानावर, डोंगर चढून

प्रश्न : ताई, मी लंडनला शिकतो. रूममेट साउथएंड या फुटबॉल क्लबचा चाहता आहे, तो मला फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्सविरुद्धच्या सामन्याला नेतोय. मी शाकाहारी. तिथं उपाशी राहीन का?

उत्तर : अरे, तुझ्यासारख्यासाठी इंग्लंडात याहून सोयीचं मैदान नाही! फॉरेस्ट ग्रीनच्या मैदानावर मांस मिळतच नाही, दूधही नाही. मी गेले तेव्हा चहा ओटच्या दुधाचा होता. पहिला घोट विचित्र लागला, पण त्या गारठ्यात कागदी पेला दोन्ही हातांनी धरून सगळा संपवला.

पॅडिंग्टनहून स्ट्राउडपर्यंत थेट रेल्वे आहे, पुढे बसने नेल्सवर्थ. तिथून मैदान डोंगरमाथ्यावर. चढ चांगलाच दमवतो, म्हणून अर्धा तास हाताशी ठेव. वर वारं झोंबतं. छत्रीपेक्षा टोपीचा रेनकोट बरा, मागच्याला सामना दिसायला हवा ना.

तिकीट पाहुण्या चाहत्यांच्या भागाचंच काढ. यजमानांच्या गर्दीत बसून साउथएंडच्या गोलला उड्या मारल्यास तर बाहेर काढतील.

1889 सालचा फॉरेस्ट ग्रीन क्लब 2024 मध्ये पाचव्या श्रेणीत घसरला. तरी लोक येतात, गाव केवढंसं! मी कोल्हापूरची, शाहू स्टेडियमवर पेठांच्या ईर्षेत वाढलेली. फॉरेस्ट ग्रीनच्या मैदानावर कठड्याशी उभी राहिले, थ्रो घेणाऱ्या पोराचा श्वास ऐकू आला आणि घशात आवंढा आला. तूही पुढेच, कठड्याशी उभा राहा.