आईंचा ताप साथीच्या रांगेत जाऊ देऊ नका

तुमची पोस्ट दोनदा वाचली. आईंना फॉलिक्युलर लिम्फोमा (रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार), केमोच्या सहा सायकल संपून अडीच महिने झाले, स्कॅन स्वच्छ आणि आता आजार लवकर परतू नये म्हणून दर दोन महिन्यांनी रिटुक्सिमॅबचं इंजेक्शन, म्हणजे मेंटेनन्स. कोविडच्या हेल्पलाइनवर विचारलंत तर सांगितलं की ताप आला तर खोलीत वेगळं ठेवा, पॅरासिटामॉल द्या, स्वॅब द्या, रिपोर्ट आला की पुढचं बघू. जवळजवळ याच शब्दांत आम्हालाही सांगितलं गेलं होतं आणि आम्ही ते ऐकलं. सगळ्यात महागात पडलेली चूक तीच, म्हणून एवढं लांब लिहितेय. मी डॉक्टर नाही. औषधांबद्दल खाली जे आहे ते आईंच्या डॉक्टरांना विचारण्यासाठी आहे, परस्पर करण्यासाठी नाही. मास्क, हात धुणं, गर्दी टाळणं हे तुम्ही करतच असाल, त्यात शिरत नाही.

हेल्पलाइनचा सल्ला धडधाकट माणसासाठी बरोबर आहे. पण ज्याचे न्यूट्रोफिल (जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) कमी असू शकतात, त्याचा ताप हा जिवाणूंचा संसर्ग आहे असंच आधी धरायचं असतं. नाही हे सिद्ध होईपर्यंत. पांढऱ्या पेशीच नसल्या की पू होत नाही, लाली येत नाही, न्यूमोनियातही कफ पडत नाही. दिसतो तो फक्त ताप, आणि काही तासांत रक्तदाब कोसळू शकतो. म्हणून अशा रुग्णाला दवाखान्यात पोचल्यापासून तासाभरात शिरेतून पहिलं अँटिबायोटिक मिळायला हवं. स्वॅबचा रिपोर्ट तासाभरात येईल याचा भरवसा नसतो. स्वॅब जरूर घ्यावा, पण त्याच वेळी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि रक्ताचं कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ते बघणारी तपासणी) घ्यावं (पोर्ट, म्हणजे औषधासाठी छातीत त्वचेखाली बसवलेली नळी, असेल तर एक नमुना पोर्टमधून, एक हातातून) आणि रिपोर्टची वाट न बघता पहिला डोस सुरू व्हावा. आमच्याकडे ही कामं एकामागून एक झाली. एकाच वेळी व्हायला हवी होती.

तुम्ही म्हणाल, केमो तर कधीच संपली. बरोबर आहे, केमोनंतर पांढऱ्या पेशींचा काउंट सर्वांत खाली जातो तो साधारण ७ ते १४ दिवसांत, आणि बहुतेक सूचनापत्रकांत शेवटच्या केमोपासून सहा आठवडे जपा असं लिहिलेलं असतं. पण रिटुक्सिमॅबचं वेगळं आहे. त्याच्या डोसनंतर एक ते पाच महिन्यांनीसुद्धा न्यूट्रोफिल अचानक उतरू शकतात, तेही कसलाच त्रास जाणवत नसताना. शिवाय केमोत बेंडामस्टिन असेल तर टी-पेशी (विषाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) कितीतरी महिने कमी राहतात. म्हणून शेवटचा सीबीसी कधीचा आणि एएनसी (न्यूट्रोफिलचा आकडा) किती, हे घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ हवं. एएनसी १५०० च्या खाली म्हणजे कमी, ५०० च्या खाली म्हणजे धोक्याचा.

ताप मोजण्याबद्दल. एकदा ३८.३ सेल्सिअस (१०१ फॅरेनहाइट), किंवा ३८ (१००.४) तासभर टिकला, की फोन करायचा. सकाळपर्यंत थांबायचं नाही. पॅरासिटामॉल द्यायच्या आधी मोजा आणि वेळ लिहून ठेवा. गोळीने चार-सहा तास ताप दबतो, आणि तेवढ्यात दवाखान्यात पोचलात तर तिथल्या मापात "ताप नाही" अशी नोंद होते. गरम-थंड काही प्यायल्यावर १५ मिनिटं तोंडात थर्मामीटर धरू नका. तोंड आलेलं असेल तर काखेत धरा, तिथे अर्धा अंश कमी दाखवतो हे लक्षात घेऊन. गुदद्वारातून कधीच मोजू नका, तिथली नाजूक त्वचा खरचटली तर जंतूंना तोच रस्ता मिळतो. आई स्टेरॉइडवर असतील तर ताप येणारच नाही असंही होतं. अशा वेळी थंडी भरून कापरं, अचानक गुंगी, बोलण्यात गोंधळ, लघवी कमी होणं यांना तापाइतकंच महत्त्व द्या.

आता एक काम आजच करा. जाड कागदाच्या अर्ध्या पानावर ठळक अक्षरांत लिहा: "लिम्फोमा. रिटुक्सिमॅब चालू, शेवटचा डोस अमुक तारखेला. शेवटची केमो अमुक तारखेला. पोर्ट आहे / नाही. ताप आल्यास तातडीची सीबीसी, कल्चर आणि तासाभरात अँटिबायोटिक." खाली कॅन्सरच्या डॉक्टरांची सही घ्या आणि रात्री उचलला जाणारा नंबर लिहा. एक प्रत दारामागे, एक आईंच्या पर्समध्ये, एक फोनमध्ये. तातडीच्या विभागात "आईला ताप आहे" असं सांगितलंत की तुम्ही साथीच्या रांगेत गेलात. पहिलं वाक्य "रोगप्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू आहे, न्यूट्रोफिल कमी असू शकतात" हेच हवं. हे आधी म्हटलं असतं तर, असं मला अजूनही वाटतं.

"बरी झाली ना, मग एवढं काय" असं नातेवाईक म्हणतात त्याबद्दल. कॅन्सर होऊन गेलेले सगळे एकाच धोक्यात नसतात. लसीच्या आधी, २०२० मध्ये, इंग्लंडमधल्या सुमारे १ कोटी ७० लाख लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. रक्ताच्या कर्करोगाचं निदान वर्षाच्या आतलं असेल तर कोविडने मृत्यूचा धोका अडीच पटींहून जास्त निघाला, आणि पाच वर्षं उलटल्यावरही दीड पटीच्या आसपास राहिला. इतर अवयवांच्या कर्करोगात मात्र पाच वर्षांनी तो बाकीच्यांइतकाच झाला होता. आई रक्ताच्या कर्करोगाच्या गटात आहेत, तेव्हा तुमची काळजी रास्त आहे. नातेवाईक शेजारच्या बाईंच्या आठ वर्षांपूर्वीच्या स्तनाच्या कर्करोगाचं उदाहरण देत असतील, तर ते इथे लागू पडत नाही.

लसीबद्दल: रिटुक्सिमॅब बी-पेशी नाहीशा करतं आणि अँटिबॉडी त्याच पेशींतून तयार होतात. त्यामुळे डोसनंतर सहा महिने लसीचा प्रतिसाद फिका असतो. तरी लस घ्यायचीच, कारण टी-पेशी आपलं काम करतात. फक्त पुढच्या डोसच्या दोन ते चार आठवडे आधी बसवता येते का ते विचारा. आणि घरातल्या प्रत्येकाची लस पूर्ण असू द्या, आईंची खरी ढाल तीच. आणखी एक प्रश्न धीटपणे विचाराच: मेंटेनन्स काही काळ पुढे ढकलता येईल का? फॉलिक्युलर लिम्फोमात मेंटेनन्सने आजार परतायला उशीर होतो, पण एकूण आयुर्मान वाढल्याचं मोठ्या चाचणीत दिसलेलं नाही. म्हणून कोविडच्या साथीत काही डॉक्टर थांबले होते. निर्णय त्यांचा, पण प्रश्न तुम्ही विचारला नाहीत तर कदाचित कोणीच विचारणार नाही. सोबत आयजीजीची (रक्तातल्या अँटिबॉडींची) पातळीही तपासायला सांगा. संसर्ग टाळण्यासाठी को-ट्रायमॉक्सेझॉल किंवा असायक्लोव्हिर चालू असेल तर "आता बरं वाटतंय" म्हणून बंद करू नका.

कोविड झालाच तर विषाणूविरोधी गोळ्या लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांत सुरू व्हायला हव्यात. त्यातल्या निरमॅट्रेलव्हिरसोबत येणारं रिटोनाव्हिर यकृतातलं एक एन्झाइम अडवतं आणि इतर औषधांची रक्तातली पातळी वाढवतं, म्हणून चालू गोळ्यांची यादी आधी दाखवा. बी-पेशी नसलेल्यांत विषाणू आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. पंधरा दिवसांनी ताप परतला तर अशक्तपणा म्हणून सोडून देऊ नका.

ऑक्सिमीटर वापरताना पाच मिनिटं शांत बसवा, बोट गरम असू द्या, नेलपॉलिश काढा, आकडा मिनिटभर स्थिर झाला की लिहा. काळसर त्वचेवर तो खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतो. हिमोग्लोबिन ७ असलं तरी तो ९८ दाखवेल, कारण असलेल्या हिमोग्लोबिनपैकी किती ऑक्सिजनने भरलंय एवढंच त्याला कळतं. धाप लागत असेल तर आकडा चांगला असला तरी फोन करा.

हा धागा वाचणाऱ्या इतरांसाठी दोन गोष्टी. छातीला रेडिएशन झालं असेल तर पहिल्या सहा महिन्यांत फुप्फुसाला येणारी सूज सीटीवर कोविडसारखी दिसू शकते, तेव्हा रेडिएशन कुठे दिलं होतं त्याचा कागद रेडिओलॉजिस्टला द्या. ब्लिओमायसिन हे केमोचं औषध घेतलं असेल तर ऑक्सिजन लावण्याआधी ते सांगा, त्या फुप्फुसांना गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन त्रासदायक ठरू शकतो.

आणि आईंचा पोर्ट अजून असेल तर फ्लश केल्यावर (सलाइनने धुतल्यावर) तासा-दोन तासांत थंडी वाजून ताप येतो का, यावर नजर ठेवा. तो पोर्टमधला संसर्ग असू शकतो. ते कल्चर पोर्टमधूनही घेतलं गेलं पाहिजे, हे तिथे उभं राहून सांगा.